भिंतीवर दोन चौकोन

दस्तगीरनं भिंतीवर दोन चौकोन मारून ठेवलेत,
पाटाएवढे, एकाला एक लागून,
आणि तो गेलाय बुधगावला दुसऱ्या कामावर.
“ठरलं की फोन करा वहिनी,” म्हणाला,
“दोन्ही चांगलेच हायत.”

हीच तर अडचण आहे.

कार्डावर त्यांची इंग्रजी नावं आहेत,
एकात धुकं, एकात मोती.
सांगलीत, चैत्रात, यातलं काही मिळत नाही.
म्हणून मी माझी नावं दिली :
डावा शाळूच्या पिठाचा,
गिरणीतून आत्ताच आणलेल्या, डब्याला कोमट लागणाऱ्या.
उजवा पेजेचा,
ताटलीत निवत ठेवलेल्या.

सुकुमारनी ऑफिसातून आल्या आल्या
चपला न काढताच डोकावून बघितलं,
म्हणाले, “दुसरा कुठाय?”

सकाळी दहापर्यंत फरक असतो.
मग शेजारच्यांची गुलाबी भिंत
तिच्यावरचं ऊन आमच्या खिडकीतून आत टाकते
आणि दोघांनाही जरा ताप आल्यासारखा दिसतो.
संध्याकाळी ट्यूब लावली
की उरतो एकच चौकोन, मधोमध पेन्सिलची रेघ.
रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा
मोबाईलचा उजेड मारून बघते,
गव्हाच्या कोठीत उंदीर शोधावा तशी.
आज अकरावा दिवस.

खोली आप्पांची आहे.
मार्केट यार्डात एकेचाळीस वर्षं त्यांनी हळद बघितली.
पोत्यातून मूठभर हळकुंडं घ्यायची, एक मोडायचं,
मोडल्या जागी बघायचं :
कुठल्या शिवारातली, किती शिजली,
वाळवताना वळवानं गाठलं का,
आणि उभ्या उभ्या दर.
त्यांचे बनियन कधी पांढरे झालेच नाहीत.
पहिली दोन वर्षं मी नीळ घालून बघितली.

मागच्या महिन्यात मिरजेत
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
डाव्याचा नंबर अजून यायचाय.
आज त्यांना हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं,
म्हटलं, तुमची खोली, तुम्हीच सांगा.

त्यांनी डावा डोळा तळव्यानं झाकला.
मग उजवा.
मग परत डावा.
“ह्यानं बघितलं की दोन्ही तुझी पेज.
ह्यानं बघितलं की दोन्ही शाळू.”
“आणि दोन्ही उघडे ठेवले की?”
“डोकं दुखतंय.”

मी हसले. तेही हसले असते,
पण हात डोळ्यावर तसाच राहिला.
“म्हणजे शेवटची चार-पाच वर्षं
मी कसली पिवळी बघत होतो गं?”

ह्यावर मी काय बोलणार.
दूध वर यायला लागलं होतं, मी गॅस बारीक केला.
ते माझ्या मागोमाग आत आले,
मिसळणाच्या डब्यातली हळद चिमटीत घेतली,
खिडकीशी गेले,
एका डोळ्यानं बघितली. दुसऱ्यानं.
ओठ हलत होते. आकडे असावेत,
किंवा नावं, ज्यांच्या पोत्यांवर त्यांनी हात ठेवला होता त्यांची.
मग खोलीत जाऊन
त्यांनी दोन्ही चौकोनांवर एकेक बोट टेकवलं
आणि मागे सरून उभे राहिले, सौद्यात राहायचे तसे,
हात पाठीशी.

दर काही सांगितला नाही.
चहा मागितला, साखर कमी.

संध्याकाळी मीच दस्तगीरला फोन लावला.
पलीकडे पॉलिशपेपरची खरखर चालू होती.
“ठरलं,” म्हटलं. “डावा.”
“डावा म्हंजे तुमच्याकडनं,” त्यानं विचारलं,
“का भिंतीकडनं?”

मी फोन कानाला लावून तशीच दारात.
आत ट्यूब लागलेली,
पेन्सिलची रेघ,
रेघेच्या इकडे एक बोट, तिकडे एक बोट,
दोन्ही पिवळी,
आणि त्यातलं एक, आईशप्पथ, जरा जास्त.